आधी नुस्कान सांग

"ताई, हलू नका! ताई, हात वरच राहू द्या!" स्पीकरमधनं आवाज येत होता आणि मी उठून बसले होते. उठायचंच नव्हतं. उठायचं नाही असं मला मराठीत सांगितलं होतं, हिंदीत सांगितलं होतं, हातानं करून दाखवलं होतं, पण छातीत असं काही कोंडलं, असं काही कोंडलं की वाटलं आता आपण इथंच जाणार, ह्या थंडगार फळीवर, ह्या गोल मशीनच्या तोंडात, आणि बाहेर आमची आरू बिस्किट खात बसलीय तिला कळणार पण नाही. मी तो हिरवा गाऊन छातीशी आवळला आणि अनवाणी दाराकडं पळाले. दार जड. ढकलायचं होतं का ओढायचं तेच सुचेना. कुणीतरी बाहेरनं उघडलं आणि मी त्या पांढऱ्या पॅसेजमध्ये, सगळ्या लोकांपुढं, धापा टाकत उभी.

समोरच्या बाकावर आमची घरमालकीण बसली होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात आरूचा बिस्किटांचा पुडा. तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चपला कुठं गेल्या तुझ्या?"

अशी होती ती. म्हणजे आहे अजून, चांगली ठणठणीत आहे, पण आम्ही आता तिच्या खोलीत राहत नाही म्हणून तोंडात 'होती' येतं. आम्ही सगळे भाडेकरू तिला आक्का म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो, पाठीमागं 'ती'. लिहिताना पण 'ती'च येतंय, तिला कळलं तर चमचा उगारंल. चमच्याचं पुढं सांगते.

आधी माझं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. माझी शाळा आठवीतच सुटली, तेव्हा मागचं पुढं झालं तर समजून घ्या. माझ्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ निघाली. आरूचं दूध तोडून वर्ष होऊन गेलं होतं, मला वाटलं दुधाचीच गाठ असंल. नव्हती. कॅन्सरची होती. डॉक्टर म्हणाले लवकर सापडली, नशीब समजा. मला त्यातलं 'नशीब' ऐकूच आलं नाही, मी नुसती आरूच्या वेण्यांकडं बघत राहिले. गाठ काढली, छाती ठेवली, काखेतलं तपासलं, तिथं काही नव्हतं. पुढं बरीच वर्षं गोळ्या. आणि आता राहिला होता शेक. डॉक्टर रेडिएशन म्हणतात, कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक म्हणतं, एकच ते.

शेक सुरू करायच्या आधी त्या गोल मशीनमध्ये झोपवून मोजमाप घेतात. मी पळाले त्या दिवशी शेक नव्हताच, नुसतं मोजमाप. आणि एक गोष्ट करून दाखवायची होती. छाती भरून श्वास घ्यायचा आणि ते वीस म्हणेपर्यंत धरायचा. कारण काळीज डाव्या बाजूला आणि माझी गाठ पण डावीकडं. श्वास भरला की फुप्फुस फुगतं, काळीज जरा मागं सरकतं, लाईटच्या वाटेतनं बाजूला होतं. एवढंच. लेकरं खेळता खेळता करतात. आणि मला तेवढं जमलं नाही.

तर आक्का. मोशीला, जुन्या गावाच्या मागं, तिच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि त्यात आम्ही सगळे बाहेरगावचे. आमचे हे चाकणला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, हायवेच्या कोपऱ्यावर त्यांना कंपनीची बस घ्यायची. आक्कानं कुणाचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. ज्याचा जो जिल्हा तेच त्याचं नाव. "ए लातूर, नळ बंद कर." "परभणी, तुझं पोरगं म्हशीला दगुड मारतंय बघ." मी जालना. माझा नवरा पण जालना. आरू म्हणजे 'बारकं जालना'. एकदा बीड जिल्ह्यातली दोन बिऱ्हाडं आली, तर तिनं एकाला जिल्हा दिला आणि एकाला तालुका. ती बाई बिचारी आमच्या चाळीत गेवराई म्हणूनच राहिली, तिच्या नवऱ्यानं पण एकदा चुकून तशीच हाक मारली.

रविवारी आक्का कमरेला चमचा खोचून सगळ्या दारांवरनं फिरायची. "वरण दाखीव." चमचा बुडवायची, फुंकायची, चाखायची. "मीठ कमी." "त्याल किती गं हे? कंपनीच्या कँटिनला शिकलीस व्हय?" बल्ब कुठला लावायचा, दार कुठल्या बाजूला झाडायचं, पोराला बाळगुटी कधी बंद करायची, सगळं तीच ठरवायची. मला आधी लई राग यायचा. मग एक दिवस कळलं की ज्या घरातनं दोन दिवस वरणाचा वास आला नाही तिथं ती चमच्याबरोबर डब्यातनं वरण घेऊन जायची आणि म्हणायची, "हे चाखून सांग, माझ्यात मीठ बराबर हाय का." म्हणजे समोरच्याला लाजायला नको. पण आभार मानले की खवळायची.

पोराकडं तिच्या मोठी गाडी होती, ड्रायव्हर होता. ती म्हणायची, "त्या गाडीत बसलं की मला कुणी हाक मारत न्हाई." म्हणून तिनं इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरवली. नऊवारीवर हेल्मेट. आणि घेतली कशी ते ऐका. तीन दुकानं फिरली. पहिल्या दुकानात दुसऱ्याच्या गाडीची खोट विचारली, दुसऱ्यात तिसऱ्याच्या, तिसऱ्यात पहिल्याच्या. "आपली खोट कुणी सांगत न्हाई," म्हणाली, "पर शेजाऱ्याची इचारा, पाठ असती." असं करून तिला तिन्ही गाड्यांच्या सगळ्या खोडी कळल्या आणि मग तिनं जी खोट तिला सोसंल ती गाडी घेतली. हळू चालायची ती. आक्का म्हणाली, "मला कुठं पळायचंय."

दोन टॉवरच्या मधी तिचं एक वावर शिल्लक होतं, त्यात कांदा. वरच्या गॅलरीतनं लोक कांद्याचे फोटो काढायचे. बिल्डरची माणसं यायची, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायची, नकाशे उघडायची. आक्का चहा द्यायची आणि म्हणायची, "फायद्याचं ऱ्हाऊ द्या. फायदा समदेच सांगत्यात. आधी नुस्कान सांगा."

ते म्हणायचे, "आजी, नुकसान काहीच नाही."

"मंग उठा. ज्यात नुस्कान न्हाई असं जगात काय बी नसतंय. एक तर तुमास्नी म्हाईत न्हाई, न्हाईतर तुमी लपिवताय."

आम्ही बाया दारात उभ्या राहून पदर तोंडात कोंबून हसायचो. मला काय माहीत तेच वाक्य मला माझ्या छातीसाठी लागणार आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी ह्यांची सेकंड शिफ्ट होती. मी नळावर बसून एकच पातेलं घासत होते. किती वेळ ते मला नाही सांगता यायचं. आक्का येऊन उभी राहिली. "जालना, पातेलं फाटंल." मी वर बघितलं आणि मला रडूच फुटलं, आवाज न करता फुटतं ना, तसं. गाठीचं मी तुटक तुटक सांगितलं. तिनं मनगटाला धरून सरळ म्हशीच्या गोठ्यात नेलं, आतनं कडी लावली. मला वाटलं आता ही खोली खाली करायला सांगणार, कारण लोकांना वाटतं हे पसरतं. तिनं पदर बाजूला केला आणि चोळीची गाठ सोडली.

तिची डावी बाजू आत ओढलेली होती. कातडी चौकोनी, तपकिरी, तव्यावर विसरलेल्या भाकरीला डाग पडतो ना, तशी. म्हैस रवंथ करत आमच्याकडं बघत होती.

"हात लाव," आक्का म्हणाली.

मी लावला. मऊ होतं. ऊन होतं.

"मेले का मी?"

मी मान हलवली.

"धाकला शाळंत व्हता तवाचं हाय हे. आता त्येचं पोरगं ताथवड्याला कॉलेजात जातंय. मेले का? मंग." चोळी बांधता बांधता म्हणाली, "पर एक सांगते. माझ्या येळंला मालक आन् डॉक्टर आत बोलले, मी बाहीर बाकावर. झोप म्हणले, झोपले. लाईट कुठं, काळीज कुठं, कोन सांगतंय? वाचले, त्ये वाचले. पर इचारलं न्हाई मला कुणी. तुजं तसं हुऊ द्यायचं न्हाई. ऑपरेशन हुऊ दे, मंग शेकाला तीन दवाखाने बघायचे."

मी म्हटलं, "आक्का, दवाखाना म्हणजे काय स्कूटर आहे का?"

"स्कूटरपेक्षा म्हाग हाय," ती म्हणाली. "म्हणून तीन. स्कूटरला तीन दुकानं फिरले, ह्येला कमी कसं?"

ऑपरेशनचे टाके सुकले आणि शेकासाठी खरंच गेलो. स्कूटरवर, मधी आरू, मागं मी, आक्का सर्व्हिस रोडच्या एकदम कडेनं, कंटेनर गेला की शिवी हासडत. पहिल्या ठिकाणी एका डॉक्टरांनी मशीनचा मोठा फोटो दाखवला आणि फायदे सांगितले. आक्कानं नुस्कान विचारलं तर ते म्हणाले, आजी, तुम्ही काळजी करू नका. आक्का उठली. दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर सरळ होते. म्हणाले, आमच्याकडं श्वास धरून द्यायची सोय नाही, साध्या श्वासावर देतो, काळीज जमेल तेवढं वाचवतो, पाच आठवडे यावं लागेल. तो दवाखाना आम्हाला जवळ पण होता. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. ध्यानात ठिवू."

तिसऱ्या ठिकाणी, निगडीच्या बाजूला, डॉक्टरबाई होत्या. आक्कानं बसल्या बसल्या विचारलं, "दुसऱ्या दवाखान्यात काय खोट हाय?"

बाई हसल्या. "आजी, खोट दवाखान्यात नाही, प्रत्येक पद्धतीत थोडी थोडी असते. कुठली हिला सोसेल ते बघायचं."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच स्कूटर निवडलीय.

मग त्या बाईंनी सगळं सांगितलं आणि आक्का प्रत्येक पद्धतीला त्यांना मधीच थांबवून विचारायची, नुस्कान काय, नुस्कान काय. पाच आठवडे रोज थोडं थोडं, हा जुना भरवशाचा रस्ता, नुस्कान म्हणजे इतके दिवस हेलपाटे. तीन आठवडे रोज जरा जास्त, आता बऱ्याच जणींना हेच देतात, गुण तेवढाच येतो, कातडी काळवंडते, दुखते, मग बरी होते, आणि माझं वय कमी म्हणून गाठीच्या जागेवर शेवटी थोडे दिवस जास्तीचे. मग त्या म्हणाल्या, काही जणींना फक्त गाठीच्या जागेपुरतंच देता येतं, अगदी थोड्या दिवसांत सुटका.

आक्का पुढं सरकली. "मंग ह्येच द्या की!"

"तुमच्या वयाची बाई असती, अशीच बारकी गाठ असती, तर मी स्वतःच म्हणाले असते. ही तरुण आहे. बाकीच्या छातीत डोळ्यांना न दिसणारं काही राहिलं असेल तर? हिच्या बाबतीत मला तो धोका नको."

आक्का मागं टेकली. "सोपं हाय ते इकत न्हाई ही बाई," माझ्या कानात म्हणाली, पण तिच्या कानात म्हणण्याचा आवाज रिसेप्शनपर्यंत जातो. पालथं झोपवून पण देतात म्हणे काहींना, फळीला जागा ठेवलेली असते. आक्का म्हणाली, "म्हशीवानी?" बाई म्हणाल्या, "तसंच काहीसं." आणि मग त्यांनी श्वास धरायचं सांगितलं. डाव्या बाजूला हे जमलं तर काळजाला लाईट कमी लागते. तीन आठवडे आणि श्वास धरून, असं माझ्यासाठी त्या म्हणत होत्या. नुस्कान एकच, ते शिकावं लागतं, आणि सगळ्यांना जमत नाही.

इथं आक्काची कळी खुलली. "दम धरायचा व्हय? ते माझ्याकडं लागलं!"

कारण लहानपणी तिच्या माहेरी मोठी विहीर होती आणि गावात कुणाची कळशी पडली, बादली पडली की हिला बोलवायचे. ही बुडी मारायची आणि तळातनं वस्तू घेऊनच वर यायची. ती विहीर आता कुठल्यातरी कंपनीच्या कंपाऊंडमध्ये बुजलीय. पण विद्या राहिली होती, म्हणाली. झाली माझी शाळा सुरू. रोज दुपारी म्हशीच्या पाण्याच्या टाकीपाशी. आधी टाकी घासून घ्यायची, मग स्वच्छ पाणी, मग माझं तोंड त्यात. "पोटात दम भर. गाल फुगीव. आत्ता बूड!" आणि आकडे मोजायला आरू. आरू साडेतीन वर्षांची. तिचे आकडे एक, दोन, तीन, पाच, सात, वीस. आक्काला ते चाललं. मला पण चाललं. मी म्हणायची, आरूचे वीस झाले, मला येतंय.

गेवराई धुण्याची बादली घेऊन जाता जाता थांबली. "आक्का, बुडवताय का काय तिला? खोली रिकामी पाहिजे तर तसं तोंडानं सांगा की!"

"तू गप. तुज्या वरणाचं बघ."

मी पाण्यातच हसले आणि नाकात पाणी गेलं. लई दिवसांनी हसले होते.

आणि मग तो दिवस. फळीवर हात डोक्याच्या वर करून धरायचे, वरच्या भिंतीवर कॅमेरा छातीकडं बघत असतो, डोळ्यांपुढं छोटा पडदा, त्यात एक पिवळी पट्टी. छाती वर आली की पट्टी हिरव्या चौकोनात जाते. मी आक्कानं शिकवलं तसं केलं. पोट भरलं, गाल फुगवले. पट्टी हलेना. परत. हलेना. स्पीकरवरनं वीस आकडे सुरू झाले आणि ते आरूचे नव्हते, खरे वीस होते, बाई. मला पाणी पण नव्हतं की डोकं वर काढलं की सुटले. सगळीकडं हवाच आणि घ्यायची नाही. मी पळाले ते तुम्हाला सांगितलंच.

आतल्या टेक्निशियन ताई माझ्या चपला घेऊन बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुमचं पोट वर येतंय, छाती जागची हलत नाही. पोटात श्वास घ्यायला कुणी शिकवलं?"

मी चपला पायात सरकवल्या. आक्का हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "म्या." आणि हेल्मेट खाली ठेवून, "चुकलं माझं."

आमच्या चाळीत हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला तेवढ्या भीतीत पण वाटलं, हे सांगितलं तर कुणी खरं धरणार नाही.

डॉक्टरबाई आल्या. बाकावर जागा नव्हती, तर त्या माझ्यापुढं खाली उकिडव्या बसल्या, मी अशी डॉक्टर बघितली नव्हती. म्हणाल्या, "हे बघ, घाबरू नकोस, कुणाचंच काही बिघडलेलं नाही. दोन रस्ते आहेत. आज साध्या श्वासावर मोजमाप घेऊ. त्यात पण काळीज जपता येतं, पण श्वास धरून जेवढं जपता येईल तेवढं तुझ्या बाबतीत नाही. थोडी लाईट लागेल. त्यानं पुढं काही होईलच असं नाही, किती तरी बायका तशा घेतात आणि छान आहेत. नाहीतर परत आत जायचं, परत प्रयत्न करायचा. परत नाही जमलं तर पहिला रस्ता आहेच. दोन्हीत मी तुझ्याबरोबर आहे. तू सांग."

मी सांग? मी आक्काकडं वळले. "आक्का, तुम्ही सांगा."

"म्या न्हाई सांगनार."

मला इतका राग आला, इतका राग आला. "माझ्या वरणात मीठ किती ते तुम्ही सांगता. बल्ब कुठला लावायचा ते सांगता. माझ्या पोरीच्या वेण्या पण तुम्ही ठरवता. आणि आत्ताच तोंडाला कुलूप?"

पॅसेजमधली माणसं बघायला लागली. 

"मीठ माझ्या जिभंला कळतंय. तुज्या छातीतलं मला काय कळनार? एकदा सांगितलं, त्ये चुकलं. आन् आइक." तिनं आरूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "माझ्या येळंला मला कुणी इचारलं न्हवतं. ही बाई जिमिनीवर बसून तुला इचारतीया. त्ये म्या तुज्या हातनं हिसकावून घिऊ व्हय? तू नुस्कान बोल. दोन्हीचं. मोठ्यानं बोल."

मी बोलले. रडत बोलले, पण बोलले. साध्या श्वासात नुस्कान, काळजाला थोडी लाईट, कदाचित काही नाही, कदाचित पुढं कधीतरी. आणि मला पुढंच तर जायचंय, आरू एवढीशी आहे. श्वास धरण्यात नुस्कान, ती फळी, ते कोंडणं, परत पळाले तर परत ही सगळी माणसं बघणार. बोलता बोलता मला दिसलं की एका नुस्कानीत आरू आहे आणि दुसरीत नुसती लाज आणि भीती आहे. भीती लहान होती असं नाही. लई मोठी होती. पण ती माझी होती, ती मी घरी घेऊन जाऊ शकत होते.

"परत जाते," मी म्हणाले.

दारापर्यंत आक्का आली. दारात एकदम थांबली. "जालना, माझी हीर इसर. तुज्या गावाला तू दम कसा धरायचीस?"

"आमच्याकडं विहिरीत पाणी असतं का, आक्का? टँकर यायचा."

"मंग पानी कसं आनायचीस?"

"हंड्यानं. भरलेला हंडा डोक्यावर घ्यायचा."

"कसा घ्यायचीस? करून दाव."

मी दाखवलं. तिथंच, गाऊनमध्ये, चपला घालून. वाकले, हंडा नव्हताच तो उचलला, डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी धरला. आणि भरलेला हंडा डोक्यावर येतो तेव्हा बाई काय करते? श्वास भरते. छाती वर येते, आपोआप. आणि हंडा थिरावेपर्यंत तशीच उभी राहते, कारण श्वास सोडला तर पाणी सांडतं. मी सातव्या वर्षापासनं ते करत होते.

टेक्निशियन ताई ओरडल्या, "हां! ताई, हेच! हात पण तसेच वर!"

खरंच की. फळीवर हात तसेच धरायचे होते. मला कुणी सांगितलं नव्हतं की ते हंड्याचे हात आहेत. कुणाला कसं माहीत असणार, त्यांच्याकडं नळ असेल.

आत गेले. झोपले. डोळ्यांपुढं तो पडदा. मी मनात टँकरचा पाइप बघितला, आमच्या गावच्या बायांची भांडणं ऐकली, हंडा भरला, उचलला, डोक्यावर घेतला. पट्टी वर गेली. हिरव्या चौकोनात जाऊन बसली. स्पीकरवरनं आकडे. मी मनात म्हटलं, सांडू द्यायचं नाही. सांडलं नाही.

मग तीन आठवडे आणि वर ते जास्तीचे दिवस, रोज स्कूटरवर. कातडी काळवंडली, काखेत सोललं, थकवा असा यायचा की आरूची वेणी घालता घालता डोळा लागायचा. आक्का म्हशीचं लोणी घेऊन आली लावायला, टेक्निशियन ताईंनी ते बघूनच हात जोडले, "आजी, हे नको, आम्ही देतो तेच लावायचं." आक्कानं ते लोणी त्यांनाच खायला दिलं. शेवटच्या दिवशी मी तिच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "कंबर मोडंल, सरळ उभी ऱ्हा, हंडा हाय डोक्यावर."

आता आम्ही कुरुळीला राहतो, ह्यांच्या कंपनीच्या जवळ. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंत सगळ्या चांगल्या निघाल्यात. गोळी रोज घेते. आरू शाळेत जाते आणि तिला आता चार, सहा, सगळे आकडे येतात. रविवारी फोन येतो. "जालना, मीठ?" मी म्हणते, "बराबर, आक्का." ती म्हणते, "खोटं बोलतीस," आणि ठेवून देते.

इथल्या बाया मला विचारतात. कुणाची जाऊ असते, कुणाची बहीण. कुठला शेक चांगला गं, तू कुठला घेतलास? मी माझं सगळं सांगते, पण तू हाच घे असं म्हणत नाही. तिची गाठ वेगळी, वय वेगळं, बाजू वेगळी, तिच्या डॉक्टरला तिनं विचारायचं. एवढंच सांगते की बाकावर बसू नको, आत जा, आणि नुस्कान आधी विचार.

पण मला एक कुणालातरी विचारायचंय, इतके दिवस मनात आहे. हंडा मला नंतर सुचला. मी 'परत जाते' म्हणाले तेव्हा तो नव्हता. तेव्हा एका बाजूला साधा श्वास होता, लगेच सुटका, काळजाला थोडासा चटका, कदाचित तेवढा पण नाही. दुसऱ्या बाजूला ती फळी, जिथनं मी आत्ताच पळून आले होते, आणि परत जमेलच असं कुणी म्हणत नव्हतं. आक्का सांगणार नाही म्हणालेली. डॉक्टरबाई जमिनीवर बसलेल्या, घाई करत नव्हत्या. मांडीवर आरू, तिच्या तोंडाला बिस्किट लागलेलं. धरा की तिथं तुम्ही बसलाय. फायद्याचं राहू द्या, ते मला पण माहितीय. तुम्ही काय केलं असतं?